कान न कातरलेली शेळी

दुधाची पिशवी आणायला मी हल्ली लांबच्या दुकानात जाते. जवळचं दुकान माझ्या मैत्रिणीच्या इमारतीखाली आहे, आणि सकाळी सकाळी तिचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. सदाशिव पेठेत दोन बायकांनी एकमेकींना टाळायचं म्हणजे केवढा व्याप असतो, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. भाजीवाला तोच, औषधाचं दुकान तेच, बँक तीच. परवा दवाखान्यात समोरासमोर बसायची वेळ आली. मी भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता पाऊण तास वाचला. मला मधुमेह नाही.

लोक सांगतात, झालं गेलं सोडून द्या, आता वय झालं. अहो, वय झालं म्हणूनच तर सोडता येत नाही. एकाच शाळेत शिकवत एकाच टेबलाशी पस्तीस वर्षं बसलेली मैत्रीण मी ह्या वयात नवी कुठून आणू?

पण सुरुवात तिच्यापासून नाही, मावशींपासून झाली.

मावशी आमच्याकडे भांडी घासायला यायच्या. तीस वर्षं आल्या. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मला सावरलं ते त्यांनी, आणि माझ्या हातचं पिठलं गिळगिळीत होतं हे तोंडावर सांगायची हिंमतही त्यांचीच. गुडघे गेल्यावर त्या वाघोलीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या आपल्या गावी परत गेल्या. दोन मुलं तिथे होती. मी म्हटलं, चला, आता सुखाने दोन घास खातील.

सहा महिन्यांनी भेटायला गेले, तर मावशी ओट्यावर बसलेल्या आणि पुढ्यात ताट नाही. दुपारचा दीड वाजलेला.

"जेवलात का मावशी?"

"आज उपास हाय, बाई."

"कसला उपास? आज कुठला वार?"

तेव्हा शेजारच्या बाईने हळूच सांगितलं. दोन मुलांनी आईला एकेक महिना वाटून घेतलं होतं. पहिला महिना मोठ्याकडे, दुसरा धाकट्याकडे, अशी पाळी. पण एकतीस दिवसांच्या सात महिन्यांतले चार, जानेवारी, मार्च, मे, जुलै, मोठ्याच्या वाट्याला येत. मोठ्या सुनेचं म्हणणं, आम्ही तीस दिवस घालू, वरचा दिवस धाकट्याने बघावा. धाकट्याचं म्हणणं, कॅलेंडर काय मी छापलंय? म्हणून एकतीस तारखेला मावशींना उपास. त्यांनी स्वतःच तो धरला होता, दोन्ही घरांची अब्रू राखायला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरं काही दरिद्री नव्हती. जमिनीचा तुकडा बिल्डरला देऊन दोघांनी पक्की घरं बांधली होती, दारात मोटारसायकली होत्या. मी दोघांना बोलावून घेणार होते, पण मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमी बोलून जाल, मला हितंच ऱ्हायचंय."

परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय दिलं तर तुमची चूल वेगळी पेटेल? त्या मला रिक्षापर्यंत सोडायला लंगडत आल्या होत्या. क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "येक शेळी. अर्धलीनं द्या."

अर्धली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने शेळी घेऊन द्यायची, ज्याच्याकडे वेळ आहे त्याने ती सांभाळायची, आणि होणारी करडं दोघांत निम्मी निम्मी. रस्त्यात उभ्या उभ्या मावशींनी मला सगळं समजावलं, मी वर्गात समजवायची तसं, दोनदा.

पुढच्याच आठवड्यात काळी, पांढऱ्या कपाळाची एक गाभण शेळी मी त्यांच्या खुंट्याला बांधली. मला माझा निम्मा वाटा नको होता. सदाशिव पेठेत मी करडाचं काय करणार, गॅलरीत बांधणार? म्हणून मी ठरवलं आणि मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं: माझ्या वाट्याचं जे पहिलं मादी पिल्लू होईल ते गावातल्या दुसऱ्या अशाच म्हाताऱ्या माणसाला द्यायचं. त्याच्याकडचं तिसऱ्याला. मावशींनी मान डोलावली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो मी तेव्हा नीट ऐकला असता तर हे लिहायची पाळी आली नसती.

"बाई, कान कातरू का हिचा?"

गावात ज्याची शेळी त्याची कानाला खूण असते. कुणाची खाच वरच्या कडेला, कुणाची टोकाला, कुणाच्या दोन खाचा. मला ते अघोरी वाटलं. मी आपली शहरातली कनवाळू बाई. म्हटलं, "छे छे, बिचारीला कशाला दुखवायचं? आपल्याकडे कुणाच्याच शेळीचा कान कातरायचा नाही."

मावशी म्हणाल्या, "बरं. तुमी म्हनाल तसं."

तीन वर्षांत पाच जणांच्या दारात शेळ्या झाल्या. मावशी, त्यांची विधवा जाऊ, ऐकू कमी येणारे एक आजोबा आणि आणखी दोघी. सगळ्या शेळ्या त्या पहिल्या काळीच्या लेकी-नाती. चारायची पाळी मावशींनीच बसवली. एकाने एक दिवस सगळ्यांच्या शेळ्या घेऊन जायच्या, बाकी चौघांनी आराम. कुरण म्हणाल तर बिल्डरांनी कुंपण घालून ठेवलेले, अजून न विकलेले प्लॉट. 'लक्झरी' अशी पाटी, आणि तिच्याखाली कमरेएवढं गवत. वॉचमन बिहारचा होता. मावशी त्याला ताक द्यायच्या, तो त्यांना फाटक उघडून द्यायचा. कुणाला बरं नसलं तर त्याची पाळी दुसरा घ्यायचा, आणि कुणी त्याबद्दल एका शब्दाने बोलून दाखवत नव्हतं. जी माणसं घरात पाळीपाळीने जेवत होती, ती बाहेर पाळीपाळीने राखण करत होती. मावशींनी बोकड विकून ओट्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि आपली चूल मांडली. एका एकतीस तारखेला मला मुद्दाम जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, मेथी, आणि वर शेळीच्या दुधाचा चहा. तो चहा मला अजिबात आवडत नाही. दोन कप प्यायले.

गुडघ्यांचं म्हणाल तर त्यांचं दुखणं पळालं नव्हतं, पण त्या चालायला लागल्या होत्या. शेळी कुणाची वाट बघत बसत नाही ना.

मैत्रीण ह्यात आली ती दुसऱ्या वर्षी. ती गणिताची, मी मराठीची. तिने आल्या आल्या एक वही घातली: कुठली शेळी कधी व्याली, कुणाला कधी लस दिली. मी भारावून गेले. माझा कारभार सगळा तोंडी असतो. तिचा मुलगा हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे, तोही एकदा येऊन फोटो काढून गेला. मावशींना 'स्माइल' म्हणाला. मावशींनी विचारलं, हा दात का बगतोय माजे, मी काय बाजारात आलीय? आम्ही दोघी रिक्षात परतताना पोट धरून हसलो होतो. ते हसणं आठवलं की मला आता जास्त राग येतो.

मागच्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एक झालं की महिन्याने दुसरं. माझा मुलगा परदेशात. मैत्रीण रोज सकाळ-संध्याकाळ यायची, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन प्रकारचे थेंब घालायची, मुगाची खिचडी करून आणायची. तुपाची धारही सोडायची. गावाकडची खबरही तीच सांगायची: सगळं छान चाललंय, तू डोळे मिटून पड. मी पडले मिटून.

एक दिवस थेंब घातल्यावर ती म्हणाली, "एक सही हवी आहे ग. माझ्या मुलाची कंपनी शेळ्यांना मदत करणार आहे, अर्ज द्यायचाय."

"वाचून दाखव."

"चार ओळींचं पत्र आहे, त्यात काय वाचायचं? तुझ्या नावावर शेळ्या आहेत एवढंच लिहिलंय. धर, इथे. जरा डावीकडे."

मला कागदाचा पांढरा रंग तेवढा दिसत होता. ज्या बाईने माझी मान धरून डोळ्यात औषध घातलं, तिने माझं बोट जिथे टेकवलं तिथे मी सही केली. माझी सही मोठी असते, शेवटी लांब शेपूट ओढायची मला सवय आहे. जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर ओढली.

नवा चष्मा मिळाला तशी मी पहिली गावाला गेले. मैत्रिणीला सांगितलंही नाही, म्हटलं सगळ्यांना चकित करू. सोबत खारी घेतली होती, मावशींना चहात बुडवून आवडते.

खुंटा रिकामा होता. मला वाटलं, चरायला गेल्या असतील. मग पत्र्याच्या शेडकडे लक्ष गेलं. तिथे चूल नव्हती, धाकट्याची मोटारसायकल होती. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, पहिल्यांदा दिसल्या होत्या त्याच जागी.

"या बाई," त्या म्हणाल्या. "बरे झाले का डोळे?"

"शेळ्या कुठेत मावशी?"

त्यांनी मला निरखून पाहिलं. थट्टा करतेय की काय, असं. मग आत बघून म्हणाल्या, "जरा च्या टाकती का ग? बाई आल्यात." आतून उत्तर आलं नाही. मावशींनी पदराशी चाळा केला. माझ्या घरी तीस वर्षं स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलेली बाई, पाहुण्याला कपभर चहा द्यायला सुनेची परवानगी मागत होती.

टेम्पो आला होता म्हणे. तीन आठवड्यांपूर्वी. मैत्रीण होती, तिचा मुलगा होता, आणि कंपनीचा शर्ट घातलेली दोन पोरं. मैत्रिणीने सांगितलं, बाईंनी शेळ्या मागवल्या आहेत, चांगल्या गोठ्यात ठेवणार आहेत. आजोबांना ऐकूच आलं नाही, ते दावं सोडायला तयार होईनात. तेव्हा तिने पत्र काढून दाखवलं.

"मला वाचता कुटं येतं," मावशी म्हणाल्या. "पन सही वळकली मी. ती शेपटी. माज्या रेशनकार्डाच्या कागदावर केलीवती तुमी, ब्यांकेत केलीवती. म्हटलं, बाईंचीच हाय. मग मीच समद्यांना सांगितलं, सोडा."

"अहो पण मावशी, तुम्ही मला फोन नाही का करायचा? तुमच्या शेळ्या तुम्ही अशा कशा सोडल्यात?"

"आमच्या कुटं? तुमच्या व्हत्या."

"मी दिल्या होत्या तुम्हाला! निम्मासुद्धा वाटा घेतला नाही मी!"

"दिल्या आस्त्या तर कान कातरू दिला असता," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तोच मला सोसवेना. "अर्धलीत आई मालकाचीच ऱ्हाती. मालक म्हनंल तवा सोडायची. मी इचारलंवतं तुमाला पयल्याच दिशी. तुमी नको म्हनलात. मला वाटलं, बाईंना कवातरी परत लागनार. तीन वरीस मी रोज सकाळी उठून आदी खुंटा बगायची."

तीन वर्षं मी पुण्यात मिरवत होते की मी पाच म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या पायावर उभं केलं. आणि ती पाचही माणसं तीन वर्षं धसका घेऊन जगत होती, बाई कधी परत मागते ह्याचा. मला कुणी सांगितलं नाही, कारण देणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. खारीचा पुडा मी ओट्यावर ठेवला. तो कुणी उघडला नाही.

तशीच रिक्षा करून मी मैत्रिणीच्या दारात गेले. चप्पलही काढली नाही.

"आलीस? डोळे कसे आहेत?" ती म्हणाली.

"उघडलेत. शेळ्या कुठेत?"

ती घाबरली वगैरे नाही. तिने मला पाणी दिलं आणि फोनवर फोटो दाखवायला लागली. शिरूरच्या बाजूला मोठा गोठा, लाकडी फळ्यांची जमीन, पाण्याचे नळ. कंपनीला एका जागी, एका छपराखाली सगळं हवं होतं. पाच ओट्यांवर पाच खुंटे हे त्यांना कागदावर दाखवता येत नव्हतं.

"आणि माणसं?"

"अगं, गोठ्यावर शिकलेली तरुण मुलं ठेवलीत. पंच्याहत्तरीच्या माणसांना कोण कामावर ठेवणार? त्यांना दिवाळीला साड्या-धोतरं द्यायची असं आमचं ठरलंय. तू जरा मोठा विचार कर. किती वर्षं ते पाच-पाच करत बसणार होतीस?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

इतकं सरळ! मला वाटलं होतं ती थापा मारेल, रडेल, निदान मान खाली घालेल. मी म्हटलं, शेळ्या परत दे. ती म्हणाली, आता कुठली कुठली ते कसं ओळखणार, दोनशेत मिसळल्या. आणि मग शांतपणे, वर्गात चूक दाखवावी तसं म्हणाली, "सही तुझी आहे."

"डोळ्यात तुझं औषध होतं," मी म्हटलं. मला एवढं ठाऊक आहे की त्या महिन्यात तिच्या खिचडीची चव एकदाही बिघडली नव्हती. मनात एक ठेवून तीच माणसं तुपाची धार कशी सोडतात, हे मला अजून उमगलेलं नाही. तिने फसवलं ह्याचं दुःख आहेच. पण तिने माझी काळजी खरीच घेतली होती की तेवढ्या सहीसाठी घेतली होती, हे आता मला कधीच कळणार नाही, आणि ते जास्त जळतं.

मी त्या गोठ्यावरही जाऊन आले. सगळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले. पांढऱ्या कपाळाच्या काळ्या शेळ्या मला सात दिसल्या. मावशींची कुठली ते मला सांगता येईना. कानावर खाच असती, तर मला आंधळीलाही बोटाने कळलं असतं.

महिन्याभरात मी बाजारातून एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, घेतली. तरुण, ठसठशीत, तांबडी. ह्या वेळी मी सगळी तयारी केली होती: नवी कात्री पाण्यात उकळून घेतली, कापूस, हळद, सगळं पिशवीत. टेम्पोतून मी तिला स्वतः उतरवली.

मावशी मोठ्याच्या ओट्यावर होत्या. महिना बदलला होता. त्यांनी शेळीचे दात बघितले, कास चाचपली, पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या तोंडावर क्षणभर पूर्वीचं काहीतरी आलं.

"जनावर चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

"तुमचं आहे. मी आत्ता, तुमच्या देखत कान कातरते."

त्यांनी हात काढून घेतला. "नको बाई."

"का? गुडघे दुखतात का?"

"गुडघ्याचं काय. राग मानू नका." त्या खाली बघत बोलत होत्या. "पर तुमच्या हातची आता नको. येकदा सोडली मी दाव्याची गाठ. माज्या हातानं सोडली, आन चौघांना सोडायला लावली. पुन्यांदा कुनी तुमची सही घिऊन आलं तर पुन्यांदा सोडवायची न्हाई माज्यानं. ह्या वयात चूल येकदाच मोडाय जमती."

मी कात्री पिशवीत ठेवली. रडू आवरत नव्हतं, आणि तिथे रडायचा मला काही हक्क नव्हता. एवढं विचारलं, "मग हिला परत नेऊ?"

मावशी उठल्या. गल्लीच्या तोंडाशी आजोबा बसले होते, त्यांना हाताने बोलावलं. शेळीचं दावं माझ्या हातातून घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. नमस्कार नाही, आभार नाहीत. ते शेळीला पाण्याच्या टाकीकडे न्यायला वळले, उन्हातून आली होती, तिची जीभ बाहेर आली होती.

मावशींनी त्यांना थांबवलं. बसल्या, शेळीचं डोकं स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांत घट्ट धरलं आणि त्यांना ऐकू जावं म्हणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या:

"आदी कान कातर! बाई हितं हायेत तवर कातर. मग पानी पाज!"